खडकाचा नमुना

सोन्याची कांडी घासून घासून ठिणगीच्या बोटांची सालं निघायची पाळी आली, तरी खडक काही बधेना.

खडक म्हणजे एक नमुना. करंगळीच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळीत तळाशी बसलेला, दिसायला निव्वळ पाण्याचा थेंब. त्या थेंबात एका धडधाकट माणसाचं डीएनए होतं आणि त्याला नेमून दिलेलं काम एकच : मी निरोगी आहे, एवढं यंत्राला सांगायचं. जगात याहून सोपी नोकरी नसेल. पण हा गडी रोज यंत्रापुढे उभा राहून छातीठोकपणे सांगत होता, की मी आजारी आहे.

"पुन्हा?" पलीकडच्या टेबलावरून वक्रोबानं विचारलं.

"तुला कुणी विचारलं?" ठिणगी म्हणाली.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी बाहुलीचा हात निखळला म्हणून तिनं रागानं अख्खी बाहुली खिडकीबाहेर भिरकावली, तेव्हा वडिलांनी ठेवलेलं. ते घरातच राहिलं असतं, पण एकदा वडिलांनी प्रयोगशाळेत फोन करून "आमची ठिणगी आहे का जागेवर?" असं विचारलं आणि फोन नेमका वक्रोबानं उचलला. झालं! दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या बाईसुद्धा तिला ठिणगीताई म्हणायला लागल्या.

वक्रोबाचं नाव मग तिनं ठेवलं, उट्टं काढायला. दोघांचं काम एकच, वाटा मात्र वेगळ्या. आपल्या शरीरानं जेवणातलं लोह किती घ्यायचं आणि कुठे 'पुरे' म्हणायचं, हे ठरवणारं एक जनुक असतं. त्यातलं एक अक्षर, एकच, बदललं की शरीराला 'पुरे' म्हणताच येत नाही. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एकच बिघडलेली असेल तर सहसा काही होत नाही. दोन्ही बिघडलेल्या असतील तर लोह साठत जातं, वर्षानुवर्षं, यकृतात, सांध्यांत, हृदयात. "माणूस आतून गंजतो," असं प्रयोगशाळा चालवणारे सर म्हणायचे. आणि वेळेवर कळलं तर उपाय हसू यावं इतका सोपा : अधूनमधून थोडं थोडं रक्त काढून टाकायचं, की साठलेलं लोह उतरतं. तेव्हा खरं काम काय, तर ते एक अक्षर वेळेवर ओळखायचं.

ठिणगी ते विजेनं ओळखायची. सोन्याच्या कांडीच्या घासून चकचकीत केलेल्या तळावर ती डीएनएचा एक आखूड एकेरी धागा चिकटवायची, निरोगी जनुकाशी अक्षराला अक्षर जुळेल असा. नमुन्यातला धागा त्यावर येऊन बसायचा. सगळी अक्षरं जुळली, तर त्या जोडीतून वीज सुरळीत उतरायची आणि पडद्यावर उंच शिखर उमटायचं. एक जरी अक्षर चुकलं, तर जिन्याची एक पायरी निखळल्यासारखी वीज मधेच अडखळायची आणि शिखराचं टेंगूळ व्हायचं. वक्रोबा तेच उजेडानं करायचा. अशीच जोडी काचेच्या चौकोनी कुपीत घालायची, तिच्यातून अतिनील प्रकाश सोडायचा आणि कुपी हळूहळू तापवत न्यायची. तापलं की जोडी सुटते, सुटली की प्रकाश जास्त शोषला जातो. घट्ट जुळलेली जोडी उशिरा सुटते, अक्षर चुकलेली लवकर. हे सगळं त्याच्या पडद्यावर एका वळणदार रेघेच्या रूपात यायचं आणि तो त्या रेघेकडे पहिलं पाऊल टाकणाऱ्या लेकराकडे पाहावं तसा पाहत बसायचा. वक्ररेषा, म्हणून वक्रोबा. तो त्यावर खूशच झाला, हे ठिणगीच्या आणखी डोक्यात गेलं.

"माझी तोफ वापरून बघ," वक्रोबा म्हणाला. "तोफ कधी धोका देत नाही."

तोफ म्हणजे त्याच्या सासूबाईंचा नमुना. प्रयोगशाळेचा दंडकच होता तो. निरोगी नमुना लागला की प्रत्येकानं आपापल्या घरचं एक माणूस धरायचं, त्याला सगळं समजावून सही घ्यायची आणि गालाच्या आतून काडी फिरवून आणायची. स्वतःचा नमुना मात्र चालायचा नाही. बोलता-शिंकताना आपलंच डीएनए सगळीकडे सांडत असतं, मग कुठलं कुणाचं हे कोण सांगणार? "घरचं माणूस बरं," सर म्हणायचे, "परत बोलावलं तरी कुरकुरत का होईना, येतं." घरचं माणूस निरोगीच असतं, हे मात्र कुणी कधी म्हणालं नव्हतं. ते सगळ्यांनी परस्पर गृहीत धरलेलं.

"तुझ्या सासूला माझ्या कांडीवर बसवू? काही नको," ठिणगी म्हणाली. "माझा खडक मला पुरेसा आहे."

"तो तर सरळ सांगतोय की मी आजारी आहे."

"तो नाही सांगत! कुठेतरी मिसळलंय. रुग्णाच्या नळीतला थेंब उडाला असेल, कांडी नीट घासली गेली नसेल, वीज टिपणारं ते निळं रंगद्रव्य शिळं झालं असेल, नाहीतर तू मागे उभा राहून श्वास घेत असशील!"

वक्रोबानं दोन्ही हात वर केले आणि आपल्या रेघेकडे वळला. तेवढ्यात सर दारात डोकावले. सर कधी ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं, असं वाटायला लावायचे.

"शुक्रवारी रुग्णालयाचे डॉक्टर येतायत," ते म्हणाले. "त्यांना दोनच गोष्टी दाखवायच्या. आजारी माणसाचं बसकं शिखर आणि निरोगी माणसाचं उंच. बसकं आपल्याकडे भरपूर दिसतंय."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सरांपुढे तिनं ती गिळली आणि पांढऱ्या भुकटीच्या ओल्या गादीवर कांडी पुन्हा घासायला घेतली, गोल गोल, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. घासताना ती मनातल्या मनात खडकाला शिव्या देत होती. तिला बिचारीला कुठे माहीत, की अख्ख्या प्रयोगशाळेत खरं बोलणारा तेवढा एकच होता.

\*

खडक म्हणजे अर्थात बाबा.

नमुना द्यायची वेळ आली तेव्हा बाबांनीच छाती पुढे काढली होती. "माझा घे. खडक आहे मी, खडक! उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढलो नाही." कागदावर 'काही आढळल्यास मला कळवावे' अशी ओळ होती, तिच्यापुढे त्यांनी खूण केली आणि म्हणाले, "कळव हो, अगदी तार कर. आढळायचं काय आहे कपाळ!"

या खडकाची तब्येत गेली दोनेक वर्षं बघवत नव्हती, हा भाग वेगळा. बाबा कोट-पाटलोणी शिवणाऱ्या मोठ्या दुकानात कटिंग मास्तर होते. उभं आयुष्य टेबलाशी उभं राहून कापड बेतलं आणि निवृत्त झाले तसे जे खुर्चीत बसले ते उठेचनात. सकाळी उठले की थकलेले, दुपारी निजून उठले की त्याहून थकलेले. चिडचिड तर विचारू नका. पण प्रत्येक गोष्टीला घरात एकेक कारण तयार होतं. थकवा कशानं? काम सुटलं म्हणून. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांची मुळं सुजून दुखतात? जन्मभर कात्री धरली, दुसरं काय होणार! चेहरा रापलाय? गच्चीत ऊन खात बसतात ना. साखर जरा वर गेली? चहात साखर कोण घालतं तीन चमचे? अशी सगळी कारणं चोख बसलेली. त्यामुळे डॉक्टरकडे न्यायला कारणच उरलं नव्हतं.

उपाय ठिणगीनं शोधला होता. औषधाच्या दुकानातून लोहाच्या टॉनिकची भली थोरली बाटली आणली होती, थकल्या माणसाला म्हणून. रोज दोन वेळा, मोठा चमचा भरून. संपली की दुसरी, मग तिसरी. एरवी लोहाच्या जनुकावर दिवसभर घाम गाळणारी ही बाई घरी येऊन बापाला हातानं लोह पाजत होती! चीड येते, पण तिचं असं होतं, की ते अक्षर तिला तोंडपाठ होतं, रोग पुस्तकातून माहीत होता, रोगी मात्र तिनं एकही पाहिला नव्हता. तिच्याकडे यायच्या त्या नळ्या.

त्या संध्याकाळी ती नव्या काड्यांचं पाकीट घेऊनच घरी आली. आई स्वयंपाकघराच्या दारात बाटली आणि चमचा घेऊन उभी होती आणि बाबा ओठ घट्ट मिटून खुर्चीत बसले होते.

"बघ ग, तूच सांग आता," आई म्हणाली. "सकाळचाही चुकवलाय यांनी. मी न्हाणीघरात गेले तेवढ्यात कुंडीत ओतला."

"खिळे चोखल्यासारखी चव आहे त्याला," बाबा म्हणाले. "दात काळे पडले माझे. आणि त्या चमच्यानं मला कणभर बरं वाटत नाही, उलट पोटात कालवतं."

"बाबा, लहान मूल आहात का तुम्ही? लोह आहे ते, ताकद येते त्यानं. घ्या!"

"नाही घेणार."

"आई, नाक धर त्यांचं."

शेवटी बाबांनी चमचा तोंडात घेतला आणि असा चेहरा केला, की शत्रूवरही ही वेळ येऊ नये. ते पाणी पितायत तोवर ठिणगीनं हातमोजे चढवून काडी बाहेर काढली होती.

"चूळ भरा नीट. मग आ करा."

"आता हे काय नवीन? मागे एकदा दिला की नमुना."

"तो बिघडला."

"माझा नमुना बिघडेल कसा? तू बिघडवला असशील."

"हो, मीच बिघडवला! माझं यंत्र बिघडलंय, माझं नशीब बिघडलंय, शुक्रवारी माझी चारचौघांत शोभा होणार आहे. आता आ करता का?"

"तोंड उघड, तोंड उघड!" बाबा उसळून म्हणाले. "एक तो होता, तोंडाचा वास घे म्हणून हात धुऊन मागे लागायचा. आता तू, काडी घेऊन!"

आईनं डोळ्यांनीच ठिणगीला गप्प राहायला सांगितलं. 'तो' म्हणजे मोठेकाका, बाबांचे थोरले भाऊ. त्यांचा विषय या घरात निघायचा तो असाच, रागाच्या भरात, आणि लगेच मिटायचा. मोठेकाका त्याच दुकानात शिवणकामाला होते. त्यांनीच धाकट्या भावाच्या हाती पहिल्यांदा कात्री दिली होती. पुढे त्यांचं यकृत गेलं. पोट नगाऱ्यासारखं फुगलं, तपासणाऱ्या डॉक्टरनं "किती घेता?" असं विचारलं, आणि त्या प्रश्नातच सगळ्यांना उत्तर मिळालं. मोठेकाका शपथा घ्यायचे, मी थेंबाला शिवलेलो नाही म्हणायचे. लोक मान डोलवायचे आणि पाठ वळली की हसायचे. बाबांना पिण्याची भयंकर चीड. भाऊ पितो त्यापेक्षा भाऊ तोंडावर खोटं बोलतो, याची जास्त. त्यांनी बोलणं टाकलं. एके दिवशी मोठेकाका दारात आले, उंबऱ्याबाहेरच थांबले आणि तोंड उघडून म्हणाले, "घे. वास घे माझ्या तोंडाचा. मग बोल." बाबांनी दार लावून घेतलं. त्यानंतर मोठेकाका फार दिवस राहिले नाहीत.

"करा आ," ठिणगी जरा मवाळ आवाजात म्हणाली.

सतरा वेळा विनवल्यावर बाबांनी तोंड उघडलं. तिनं दोन्ही गालांतून काडी फिरवली, नळीत टाकली, झाकण घट्ट बसवलं. या वेळी मिसळायला वावच नव्हता.

\*

नव्या खडकाचं शिखर जुन्याहून बसकं आलं.

ठिणगीनं पडदा बंद केला आणि चालू केला. कांडी घासली, नवी कांडी घेतली, रंगद्रव्य नव्यानं बनवलं, तारा काढून लावल्या. यंत्राला तिनं हळूच एक चापटही मारली, जे अशा यंत्रांना मारायचं नसतं. टेंगूळ जागचं हललं नाही. अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, हे त्या सकाळी तिच्याकडे पाहून कुणालाही कळलं असतं.

"तोफ दे," ती दात ओठ खात म्हणाली.

वक्रोबानं नळी आणून दिली. ठिणगीनं तोफ कांडीवर चढवली आणि पडद्यावर असं उंच, टोकदार, देखणं शिखर उभं राहिलं, की तिला रडू यायचंच बाकी राहिलं. म्हणजे कांडी धड होती, धागा धड होता, रंगद्रव्य धड होतं. बिघडला होता तो खडक. तिचे स्वतःचे बाबा ऐन वेळी तिला तोंडघशी पाडत होते आणि वक्रोबाची सासू, जिला तिनं जन्मात पाहिलं नव्हतं, तिची लाज राखत होती.

"शुक्रवारी तोफ दाखव," वक्रोबा म्हणाला. "सासूबाईंना सांगू नकोस म्हणजे झालं, मिरवत बसतील. पण एक विचारू? खडकाला तू दुसरा धागा लावून पाहिलास का?"

"कुठला दुसरा?"

"बदललेल्या अक्षराशी जुळणारा. रुग्णांना लावतो तो."

"निरोगी नमुन्याला रुग्णाचा धागा कशाला लावायचा?" ठिणगी खेकसली. "काहीतरी बोलायचं म्हणून बोलू नकोस."

पण वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर तिला ते ऐकू आलं. खडक निरोगी आहे, हे तिला कुणी सांगितलं होतं? खडकानंच. छातीवर हात मारून, खुर्चीत बसून, सुजलेल्या बोटांनी.

तिनं दुसरा धागा लावला. रुग्णाचा नमुना चुकून मिसळला असता, तर निरोगी अक्षरही नमुन्यात राहिलं असतं, थोडं हे, थोडं ते, असं दोन्ही धाग्यांवर अर्धवट काहीतरी दिसलं असतं. तसलं काही झालं नाही. शिखर सरळ वर गेलं. तोफेचं निरोगी धाग्यावर गेलं होतं, तितकंच उंच. खडकाची अक्षरं जुळत नव्हती असं नाही. ती अगदी काटेकोर जुळत होती, फक्त ज्या धाग्याशी जुळू नयेत त्याच्याशी.

"तुझा उजेड लाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात आता राग नव्हता, आणि त्यामुळे वक्रोबा घाबरला.

कुपी तापत गेली. निरोगी धाग्याबरोबरची जोडी रुग्णांची सुटते तशी लवकरच सुटली. बदललेल्या धाग्याबरोबरची जोडी मात्र तग धरून राहिली आणि शेवटी एकदम, एकाच वळणात सुटली. दुसरं वळण नाही, म्हणजे दुसरं अक्षरच नाही. आईकडची प्रत तीच, वडिलांकडची प्रत तीच. वक्रोबा आज त्या रेघेकडे कौतुकानं पाहत नव्हता.

"तरी मिसळलं असेल," तो म्हणाला. तिच्यासाठी म्हणाला, हे तिला कळलं.

"माझा घे," ठिणगी म्हणाली. "मी हात लावत नाही. सगळं तू कर. बाबांच्या दोन्ही प्रती अशा असतील, तर त्यातली एक माझ्यात असलीच पाहिजे. एक ही, एक आईची. नसेल, तर आपण चुकलो."

सरांच्या दंडकात हे बसत नव्हतं. वक्रोबानं आत जाऊन सरांना सांगितलं. सर आले, दोन्ही पडदे पाहिले आणि नुसतीच होकाराची मान हलवली. वक्रोबानं हातमोजे बदलले, काडी काढली आणि म्हणाला, "आ कर."

ठिणगीनं आ केला. परक्या माणसापुढे असं तोंड वासून बसायला किती ओशाळवाणं वाटतं, हे तिला त्या दिवशी समजलं. बाबांवर आपण किती खेकसलो, तेही आठवलं.

उतरती दुपार होईतो नमुना तयार झाला. कांडीवर शिखर आलं ते धड उंच नाही, धड बसकं नाही, मधोमध. मग कुपी तापायला लागली आणि तिघं जण उभ्यानं पाहत राहिले. रेघ चढली, एक वळण घेतलं, थोडी सपाट झाली, आणि दुसरं वळण घेतलं. एक आईचं, एक बाबांचं. रेघेत तिचं अर्धं घर दिसत होतं.

"शिव्या देत होते मी त्याला," ठिणगी म्हणाली. "इतके दिवस. तो सांगत होता आणि मी शिव्या देत होते."

सरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "हे निदान नव्हे, हे लक्षात ठेव. डॉक्टरांकडून रक्तातलं लोह तपासून घ्यायचं, यकृत बघायचं. उद्याच. आजार असला तर उपाय आहे, तुला मी सांगायला नको." मग त्यांना काहीतरी सुचलं. "तोवर एकच सांभाळ. लोहाची गोळी-बिळी काही घेत असतील तर बंद."

ठिणगीच्या डोळ्यांपुढे ती भली थोरली बाटली आली. तिनं घड्याळाकडे पाहिलं. चमच्याची वेळ झाली होती. तिनं पांढरा कोट खुर्चीवर टाकला आणि पर्स टेबलावरच विसरून धावत सुटली.

\*

घरी पोचली तेव्हा चमचा भरलेला होता, आईच्या हातात होता, आणि बाबांच्या ओठांपासून वीतभर अंतरावर होता. ठिणगीनं तो ओढून घेतला, मोरीत ओतला आणि मागोमाग बाटलीही उपडी केली. गडद तपकिरी धार गडगड करत वाहून गेली.

"अग, वेड लागलं का तुला?" आई म्हणाली. "तूच आणलीस ना?"

"हो, मीच आणली. अक्कल गहाण ठेवून आणली."

मग तिनं सांगितलं. उभ्या उभ्याच, धापा टाकत, मागचं पुढे करत : खडक, तोफ, दोन धागे, एक अक्षर, साठत जाणारं लोह. बोटं कात्रीनं सुजली नव्हती. रापणं उन्हाचं नसावं. आळस तर मुळीच नव्हता. रक्त तपासायचं, खरं ठरलं तर दर काही दिवसांनी थोडं रक्त काढायचं, आणि बरं वाटायला लागेल. आईनं ऐकता ऐकता पदरानं डोळे टिपले. बाबांच्या चेहऱ्यावर मात्र विजय पसरत गेला.

"म्हणजे मी सांगत होतो ते बरोबर होतं!" ते म्हणाले. "खिळे पाजत होत्या मला या दोघी! बाटलीमागून बाटली! कुंडीतलं झाड मेलं तेव्हाच तुम्हाला कळायला हवं होतं. आणि मला आळशी म्हणत होतीस ना ग तू? बोल आता."

"चुकलं हो माझं," आई म्हणाली. "पण यकृत का बघायचं म्हणाले तुझे सर?"

"लोह तिथेच आधी साठतं म्हणून," ठिणगी म्हणाली. "वेळेवर कळलं नाही तर यकृत हळूहळू निकामी होतं. दारू पिणाऱ्याचं होतं ना, अगदी तसंच. बाहेरून बघून फरकसुद्धा..."

ती थांबली. कुणी तिला थांबवलं नव्हतं.

बाबांचा विजय अजून चेहऱ्यावर होता, पण निघायला विसरलेल्या पाहुण्यासारखा.

"दारू न पिता?" त्यांनी विचारलं.

"थेंबाला न शिवता."

"आणि हे... एका आईच्या दोन मुलांत असतं?"

"असू शकतं. प्रत्येक भावंडात असेलच असं नाही. मोठ्याकाकांचा नमुना आपल्याकडे नाही, बाबा. खात्रीनं कुणालाच सांगता यायचं नाही."

"खात्रीचं नाही विचारत मी. तुला काय वाटतं?"

ठिणगीला खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण आठवडाभर एक जण तिला खरं सांगत होता आणि तिनं ऐकलं नव्हतं, ते ताजं होतं.

"मला वाटतं, ते खरं बोलत होते," ती म्हणाली.

बाबांनी सुजलेली दोन बोटं दुसऱ्या हातात धरली आणि उगाच चोळत राहिले. आईनं खुर्ची ओढून त्यांच्याजवळ घेतली, पण बसली नाही.

"तुझं यंत्र चुकतं ना?" बाबा म्हणाले. "रोज घरी येऊन सांगतेस, चुकलं, पुन्हा चुकलं, बिघडलं. मग आजही चुकलं असेल."

"यंत्र चुकलं नव्हतं, बाबा. कधीच चुकलं नव्हतं."

"दादानं हातात कात्री दिली माझ्या," ते म्हणाले. "दारात उभा होता. एवढंच म्हणत होता, की वास घे. वाकायचं होतं नुसतं मला." त्यांनी मान वर केली. "तू परत बघ. नीट बघ या वेळी. चुकलं असेल."

आणि कुणी विनवलं नसताना त्यांनी आपणहून तोंड उघडलं, चांगलं मोठं, काडी दोन्ही गालांपर्यंत पोचेल असं, आणि ती जवळ यायची वाट बघत तसेच बसून राहिले. ठिणगीकडे काडी नव्हती. तिच्या हातात रिकामा चमचा होता.